पट्टीवर उधळलेला गुलाल

आमच्या मंडईत बायकांना मुतारी नव्हती. अशी सुरुवात केलेली लोकांना आवडत नाही. पत्रकात 'प्रसाधनगृह' लिही, असं मला पुष्कळांनी सुचवलं. मी नाही लिहिलं. माझी आई सकाळी भाजी घेऊन बसते ती दिवेलागणीला उठते, आणि तोवर पाण्याचा घोट घेत नाही. प्यायलं तर जायचं कुठं? तिथल्या सगळ्या बायकांचं हेच. मग जळजळ, ताप, दवाखाना. याला प्रसाधन म्हणायचं?

पत्रकं आम्ही दोघं काढायचो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. मजकूर माझा, छपाई आणि वाटप त्याचं. आई त्याला लेकरा म्हणायची आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून द्यायची. मंडई नव्यानं बांधायचं काम एका ठेकेदाराला मिळालं आणि मित्राला त्याच्याकडंच नोकरी लागली. कुठलं काम कधी, त्यावर माणसं किती, हे संगणकावर बसवायची. मी खूश. आपला माणूस आत गेला!

नव्या मंडईत बायकांचं शौचालय धरलेलं होतं. त्याचा पाया खणला आणि काम जे थांबलं ते थांबलंच. आम्ही मंडईच्या दारात ठिय्या मारला. तेव्हा ठेकेदारानं माझ्या मित्रालाच पुढं केलं.

शेडमध्ये पांढरी चादर बांधून त्यानं लॅपटॉप जोडला. चादरीवर आडव्या पट्ट्या उमटल्या. प्रत्येक कामाची एक पट्टी, जितके दिवस तितकी लांब. शौचालयाची पार चादरीच्या कडेला टेकलेली.

"एवढी लांब? संडास बांधतोस का राजवाडा?" मिरचीवाल्या काकू ओरडल्या.

"थांबा की काकू. काम तेवढंच हाय. गवंडी वाढवले की दिवस कमी."

त्यानं दोन गवंड्यांचे चार केले. पट्टी सर्रकन आखडून निम्म्यावर आली. बायका उठून उभ्या राहिल्या.

"अजून घाल की! हात का आखडतोस?"

त्यानं अजून घातले. पट्टी अजून आखडली.

कोल्हापुरात काही जिंकलं की गुलाल लागतो, मग ती फुटबॉलची मॅच असो नाहीतर सोसायटीची निवडणूक. कुणीतरी पुडा आणलाच होता. चादर, लॅपटॉप, त्याचं डोकं, सगळं लालेलाल. भिंत वीतभरही वर आली नव्हती आणि आम्ही एका पट्टीवर गुलाल उधळून मोकळे! आईनं त्याच्या तोंडात साखर घातली. ठिय्या उठला. 'मंडईतल्या बायकांचा विजय', हा पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा त्याचाच.

गवंडी आले. भिंती कमरेपर्यंत चढल्या. मग एका सकाळी तिथं कुणीच नाही. सगळे मंडईच्या दारात, स्वागत कमानीवर. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, त्यांना काय कमानीशिवाय आत यायला जमतं?

मी तडक साईटवरच्या त्याच्या ऑफिसात गेले.

"आमचे गवंडी कुठं?"

"माणसं मोजकी हायत," तो स्क्रीनकडं बघत म्हणाला. "एकाच माणसावर दोन कामं पडली की सॉफ्टवेअर त्यातलं एक मागं ढकलतं. आपोआप."

"कुठलं ढकलायचं, ते त्याला कोण सांगतं?"

त्यानं माउस उगाच इकडंतिकडं फिरवला.

"बोल की भावा. त्या सॉफ्टवेअरनं कमान बघितलीया?"

"कामाला अग्रक्रम द्यावा लागतो. कमानीची तारीख बांधलेली. ती हलत न्हाय. मग उरलेली माणसं बाकीच्या कामांना."

"अग्रक्रम कुणी भरला?"

"मी. वरनं सांगितलं."

"चादरीवर पट्ट्या दाखवल्यास, त्या दिवशी कमान ठरलेली होती?"

"व्हय."

"आणि तू बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही ठिय्यावरनं उठला असता का?"

हे तो अगदी सरळ बोलला. त्याच्या लॅपटॉपच्या बटणांच्या फटीत आमचा गुलाल अजून तसाच होता.

यंत्रावर माझा राग नाही. माणसं दिली तर ते पट्टी आखडतं, काढली तर ताणतं. सांगितलेलं करतं. मित्रानं आम्हाला पट्टी आखडताना दाखवली आणि ताणायचं मनात ठेवून साखर खाल्ली. ठेकेदारानं फसवलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं असतं. याच्याविरुद्ध लिहायला बसले तर हात चालेना, कारण लिहिलेलं छापायला त्याच्याच हातात द्यायची सवय.

उद्घाटन झालं. कमान झकास. तिच्यामागं कमरेएवढ्या भिंतींना हिरवं कापड गुंडाळलेलं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. ऊन मरणाचं. इस्त्रीच्या शर्टात घामेजलेला तो गर्दीतनं वाट काढत कमानीखाली आईच्या पाटीपाशी आला. सवयीनं हात पुढं केला.

"काकू, पाणी द्या की."

आईनं मेथीची जुडी बांधता बांधता वर बघितलं. अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "पाणी न्हाय, पावणं. आमी पीत न्हाय, म्हणून आणत न्हाय."

इतक्या वर्षांत लेकराचा पावणा झालेला त्यानं पहिल्यांदाच ऐकला. हात तसाच राहिला.

माझ्या पिशवीत नवीन पत्रकं होती, दुसऱ्याकडून छापून आणलेली. छप्पर पडून दार लागेपर्यंत ठिय्या उठणार नाही, एवढंच त्यात होतं. पहिलं मी त्या पुढं आलेल्या हातावर ठेवलं आणि आईशेजारी कमानीखाली सतरंजी अंथरली.