नाच न थांबवता

मोसंबीच्या सालीचा वास आला, की कुंभार पिंपळगावच्या शाळेतला दहावीचा निरोपसमारंभ आठवतो. मी तिथं संगणक शिकवायचो. पाहुण्यांसाठी मोसंब्या सोलणं चालू होतं. मराठीच्या बाईंना दिसत नसे. बोटांखाली ब्रेलचे ठिपके उठवणाऱ्या नव्या यंत्रावरून त्या भाषण वाचणार होत्या. यंत्र लॅपटॉपला लावलं, पण ठिपके उठेनात. पाहिलं तर लॅपटॉपच्या कर्नलनं, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीनं, त्याला भलताच ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्राम, जोडलेला. लॅपटॉप बंद करून चालू करावा, तर त्याच्यावरच पोरींच्या नाचाचं गाणं वाजत होतं. “सर, नाच थांबवू नका. पोरी महिन्यापासून तयारी करून राह्यल्यात,” बाई म्हणाल्या. “न्हाई थांबवत, बाई.” गाणं चालू ठेवूनच मी दोन ओळी टाइप केल्या. एकीनं चुकीचा ड्रायव्हर सोडवला, दुसरीनं योग्य तो जोडला. शेवटचं कडवं चालू असताना बाईंच्या बोटांखाली ठिपके उठले. “आलं, सर! बिलकुल बराबर आलं!” म्हणत त्या हसायलाच लागल्या. मग त्यांनी असं भाषण वाचलं, की पोरं उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. आता शहरात मी रोज हेच, चालू संगणक न थांबवता दुरुस्त करायचं काम करतो, पण माझ्या कामाला टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच, आणि त्यात माझाही वाटा होता हे फक्त बाईंना ठाऊक होतं.