लाईन क्लियर शे, चिमी

भूतबीत आपण मानत नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, गंडे-ताईत कधी आले नाहीत. तरी लिहितोय... कारण चिमी मागेच लागली, "भाऊ, लिहूनच टाक."

चिमी माझी धाकटी बहीण. नव्वदच्या दशकात ती धुळ्याच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती आणि मी तिथेच रेडिओवर कामाला. आमचे वडील, नाना, नरडाणा स्टेशनवर सिग्नल सांभाळायचे; गाडी आत घ्यायची तर 'लाईन क्लियर शे', म्हणजे रूळ मोकळा आहे, असं म्हणायचे. "मनी पोर विमान उडावस!" असं गावभर सांगत सुटायचे. पण ती एकटी उडायच्या आधीच ते गेले.

त्या दुपारी चिमी एकटी वर होती अन् धुळीचं वादळ उठलं. धावपट्टी दिसेना. उपग्रहावरून वाट दाखवणारं नवं यंत्र होतं तिच्याकडे, पण तेही आंधळं झालं! "भाऊ, स्क्रीन कोरी आहे... पेट्रोलही कमी आहे." 

यंत्र का आंधळं झालं, ते मला कळलं होतं. मॅचचा दिवस! चित्र साफ दिसावं म्हणून जो तो टीव्हीच्या अँटेनाला बूस्टर लावून बसलेला. त्यातला एखादा बिघडला की स्वतःच सिग्नल फेकायला लागतो. उपग्रहाची ती कुजबुज, अन् खाली हा लग्नाचा बँड — यंत्राला ऐकू काय येणार, कपाळ! पण एवढ्या गच्च्यांमध्ये शोधू कुठे?

तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला — "पानीनी टाकीजोडे लाल गच्ची शे. तठली तार काढ."

टाकीजवळची ती गच्ची मला ठाऊक होती. कोण बोललं हे विचारायलाही थांबलो नाही. रेडिओच्या खोलीला कुलूप घातलं — रेल्वेवाल्याचा पोरगा, यंत्राची खोली उघडी सोडत नाही — आणि सायकल हाणली.

लाल गच्चीवर घरमालकीण अक्का आडव्या आल्या. "हात लावू नको भो! शेवटली ओव्हर शे!"

"अक्का, मनी बहीण वर अडकेल शे!"

"मंग आधी सांग ना!" म्हणत अक्कांनी स्वतःच तार उपटली. खालून पोरांचा आरडाओरडा... अन् डोक्यावरून विमान घरघरत धावपट्टीकडे वळलं. मी गच्चीवर लहान पोरासारखा नाचलो!

परत आलो तर चिमी विमानाला टेकून हसत होती, रडतही होती. "भाऊ, यंत्र सुरू झालं तेव्हा रेडिओवर कोण होतं? 'लाईन क्लियर शे, चिमी. ये' म्हणालं."

खोलीचं कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या मुठीत.

आज चिमी मोठी विमानं चालवते. तो आवाज कुठून आला, याचं उत्तर अजून नाही. मी आता शोधतही नाही. नानांनी पोरीची गाडी स्टेशनात घेतली, बस्स.