दहापर्यंत मोजणारे सर

पाहायला डोळे सगळ्यांनाच मिळतात, पण ते वापरायचे कसे हे अख्ख्या अकोटात आपल्या एकट्यालाच कळलंय, असं आमच्या विज्ञानाच्या सरांचं ठाम मत होतं. आणि खरं सांगू का, आज अकोट-अमरावती गाडीवर कंडक्टरकी करताना मी रोज शे-दीडशे चेहरे पाहते आणि माझंही तेच मत झालं आहे. सर आमच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायचे. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात शनिवारचे शेवटचे दोन तास ते सिनेमा शिकवायचे आणि बाकीचे पाच दिवस आमच्याकडून शनिवारची तयारी करवून घ्यायचे. तरी विज्ञानात आमच्यातलं कोणी नापास झालं नाही. भिंगांचा धडा तर आम्हाला झोपेतून उठवून विचारला असता तरी आकृतीसकट आला असता.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पुठ्ठा असायचा. कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी भोक पाडलेलं, आणि त्या भोकातून सर जग बघायचे. समोर पानाची टपरी असो, पालकसभा असो की जिनिंगकडे निघालेली कापसाची गाडी असो, खिशातून पुठ्ठा निघाला, एक डोळा मिटला, की सर गेले कामातून. एकदा शाळेतल्या शिपाईकाकांच्या मुलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ते अक्षता टाकायचं सोडून पुठ्ठा लावून उभे राहिले आणि नवरदेवाच्या मामाला म्हणाले, "मामाजी, अंमळ डावीकडं सरका. पोरीच्या मायचा चेहरा झाकून रायले तुमी." मामा तापले. पण बाजूला झाले, आणि तेव्हा कुठे सगळ्या मांडवाला दिसलं की त्या माऊलीच्या डोळ्यांना धार लागली आहे आणि तिच्यापाशी कोणीच नाही. दोघी-तिघी बाया धावल्या. सर मात्र अक्षता मुठीत तशाच घेऊन घरी गेले.

सिनेमा दाखवायची त्यांची रीत तर विचारूच नका. प्रयोगशाळेच्या भिंतीवर पांढरी चादर टांगायची, आम्हाला तिच्याकडे पाठ करून बसवायचं आणि पिक्चर लावायचा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा. मग आवाज बंद करून नुसता बघायचा. तिसऱ्या खेपेला दोन्ही. एक पिक्चर संपायला महिना लागायचा आणि शेवट काय होणार यावरून वर्गात मारामाऱ्या व्हायच्या. एकदा मुख्याध्यापक बाई अचानक आत आल्या. पाहतात तर चाळीस पोरं भिंतीकडे पाठ करून चिडीचूप. त्यांना वाटलं, शिक्षा आहे. "सर, काय केलं हो यांनी?" "काई नाही बाई, पिच्चर पाहून रायले." बाईंनी एकदा चादरीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि दार लोटून निघून गेल्या. पुढे त्या स्वतःच कधीमधी मागे येऊन बसत, तेही पाठमोऱ्या.

शाळेकडे कॅमेरा नव्हता. सरांचा कोपरा तडकलेला मोबाईल हाच कॅमेरा. चालत्या माणसाबरोबर कॅमेरा चालवायचा असेल तर म्हणे मोठ्या ठिकाणी रूळ टाकतात. आमच्याकडे केळ्यांची हातगाडी होती. सर हातगाडीवर केळ्यांच्या बाजूला मांडी घालून बसले, केळेवाला गाडी ढकलतोय, आणि आम्ही पोरं दोन्ही बाजूंनी गर्दी हटवतोय अशी वरात बसस्टँडपासून निघाली. वाटेत एका म्हातारीनं गाडी अडवली आणि सरांकडे बोट दाखवून विचारलं, "कसे देल्ले?" केळेवाला म्हणाला, "आजी, हे विकाचे नाहीत, हे सर हायेत." सरांनी मोबाईलवरची नजरसुद्धा हलवली नाही. घरीही तीच तऱ्हा. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा आणून ठेवला तर म्हणायचे, "चहा मस्त. पण आणतानाचा चेहरा नाही जमला. अजून एकदा." काकू एका वाक्यात निकाल लावायच्या, "दुसऱ्या बारीले चहा भेटत नाही, खाली कप भेटते."

शाळेची सहल मेळघाटात सेमाडोहला गेली तेव्हाची गोष्ट. जिप्सीत बसून तीन तास जंगल पालथं घातलं, वाघ काही दिसला नाही. सगळे हिरमुसले, पण सर खूश. त्यांनी तीन तास वाघासाठी माना लांब केलेल्या आमच्याच तोंडांचं चित्रण केलं होतं! परत आल्यावर लोकांनी विचारलं, वाघ दिसला का? सर म्हणाले, "वाघ नाही दिसला. वाघ न दिसलेली लेकरं मात्र लय चांगली दिसली." पालक कुरकुरायचे, "पिच्चर काढून मार्क भेटतात काय, सर?" सर हसायचे. पण जो पोट्टा सदा पुढे-पुढे करायचा त्याच्या हाती ते वायर गुंडाळायला द्यायचे, आणि जी पोरगी वर्षभर तोंड उघडायची नाही तिला "ॲक्शन" म्हणायचं काम. तिचं पहिलं "ॲक्शन" कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. दहावीच्या निरोप समारंभात त्याच एका शब्दानं तिनं सगळ्या शाळेला गप्प बसवलं.

सरांचे नियम दोनच, पण त्यात देवालाही सवलत नव्हती. पहिला नियम असा की माणसाला प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं. त्याचं बोलणं संपलं असं वाटलं तरी मोजायचं. "तीन-चार आकड्यापर्यंत माणूस पाठ केलेलं बोलते," सर म्हणायचे, "खरं ते सात-आठच्या पुढंच निघते." हा नियम ते बाजारातही पाळायचे. भाजीवाली भाव सांगायची, सर गप्प उभे, आणि सातव्या आकड्याला भाव आपोआप उतरायचा. दुसरा नियम, ज्याच्यावर पिक्चर काढला त्याला तो सगळ्यात आधी दाखवायचा, सरांच्याही आधी. तो नाही म्हणाला तर पिक्चर रद्द. इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. माझी गंमत संपली ती नववीत, या दुसऱ्या नियमापायी.

अमरावतीला शाळा-शाळांच्या छोट्या पिक्चरांची स्पर्धा होती. विषय होता 'कामाचा माणूस'. माझे बाबा शिंपी. बसस्टँडमागे त्यांचं छोटं दुकान, अर्ध्या गावाचे शाळेचे गणवेश तिथेच शिवले जातात. सर म्हणाले, "तुह्या घरीच हिरो बसला हाय, बाहेर काहून शोधतं?" मी हो म्हटलं, पण मनातून नको होतं. कारण बाबा बोलताना अडखळतात. लहानपणापासून. 'म' आला की अडलेच, 'ब' आला की घामच. गिऱ्हाईक वाट बघत नसे. आई नाही, मीही नाही. त्यांनी शब्द सुरू केला की मी तो पुरा करून मोकळी व्हायची. वाटायचं, मदतच करतेय. आणि शाळेत पोट्टे त्यांची नक्कल करायचे, ती मी ऐकली नाही असं दाखवायची.

मी पिक्चर काढला, चांगला काढला. कैची, खडू, मशीनच्या चाकावरचा त्यांचा हात. बाबा अडखळत चार वाक्यं बोललेही. मग मी काय केलं? ते बोलणं पुसून टाकलं आणि गणपतीत माईकवर अनाउन्समेंट करणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलाच्या भरदार आवाजात नवीन लावलं, "मी एक साधा कारागीर. सुई-दोरा हेच माझं जीवन!" लाज वाटली मला बापाची. आता लपवून काय करू?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाबांना प्रयोगशाळेत बोलावलं. सर नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यात. आत मी आणि बाबा. चादरीवर बाबा दिसले आणि तो परका आवाज सुरू झाला. मी चादरीकडे बघितलंच नाही, बाबांकडे बघत होते. ते आधी हसले. मग त्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायला लागले, जणू जमतंय का बघत होते. मग थांबले. संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छ... छान झाला, बाई. म... मशीन लय मस्त दिसते." आणि सायकल काढून दुकानावर गेले. सरांनी त्यांना जाताना पाहिलं, आत येऊन पिक्चर पाहिला. मग एवढंच म्हणाले, "त्यायनं हो म्हटलं. नियमानं पाठवता येते. सोमवारी पाठवाचा हाय. तू सांग." मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी मी दुकानात गेले आणि म्हटलं, तुमच्याच आवाजात पुन्हा काढू. सर सोबत आले, पण गिऱ्हाइकाच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले. बाबा म्हणाले, "र... राहू दे. लोक हासतीन." मी म्हटलं, "बाबा, मले तुमची लाज वाटली. म्हणून केलं मी तसं." मशीन थांबली. मी मोजायला लागले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. नवाला बाबा म्हणाले, "म... मलेबी वाटते, कदी कदी." मग हातातला गणवेश बाजूला ठेवून, बाही सारखी करत म्हणाले, "इ... इचार."

मी मोबाईल धरला. विचारलं, "दिवसभर मशीनवर बसून तुमी काय इचार करता?" बाबा म्हणाले, "म... म..." आणि मला माहीत होतं, 'मापाचा' म्हणणार. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी दात घट्ट आवळले. दहा झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, सर हलले नाहीत. आणि बाबा म्हणाले, "म... मशीन चालू असली का मी म... मनातल्या मनात तुह्याशी बोलत रायतो. दिवसभर. तिथं... तिथं नाही अडकत मी."

चौदा वर्षांची होते मी. चौदा वर्षं त्यांचं प्रत्येक वाक्य मी पुरं केलं होतं, आणि सगळी चुकीची पुरी केली होती.

त्या रात्री बाबांनी त्यांच्याच आवाजातला पिक्चर आधी पाहिला, हो म्हटलं, मगच सोमवारी तो पाठवला. अमरावतीच्या सभागृहात सुरुवातीला मागच्या रांगेतली पोरं खुदखुदली. बाबा माझ्या शेजारी, स्वतः शिवलेल्या कडक पांढऱ्या शर्टात, गुडघ्यांवर मुठी आवळून. पण त्या 'म'पाशी पिक्चरमध्ये जी शांतता येते तिथे पोरंही हळूहळू गप्प झाली. बक्षीस मिळालं नाही. ते प्लास्टिक कचऱ्यावरच्या पिक्चरला मिळालं. परतीच्या बसमध्ये बाबा सरांशी बोलायला लागले ते अर्ध्या वाटेवरचं परतवाडा येईपर्यंत थांबले नाहीत. बोलणं फार नव्हतं, वेळ फार लागला. सर मधे एक शब्द बोलले नाहीत, आणि जो माणूस मंगलाष्टकांत गप्प बसला नाही त्याच्यासाठी हे सोपं नसणार.

आमच्या वर्गातलं कोणी सिनेमात गेलं नाही. "ॲक्शन" म्हणणारी भातकुलीच्या दवाखान्यात नर्स आहे. पेशंट रडायला लागला तर ती लगेच 'रडू नका' म्हणत नाही, म्हणे. वायर गुंडाळणारा शेती करतो. मी तिकिटं काढते. आम्हाला पुरस्कार नाहीत, पण माणूस समोर बसलं की आम्हाला ते दिसतं, आणि हे आम्हाला कोणी शिकवलं ते मी कुणी न विचारताही सांगते. सर आता रिटायर होऊन अकोल्याला मुलाकडे असतात. दर दिवाळीला बाबा त्यांना एक शर्ट शिवून पाठवतात, पैसे घेत नाहीत. सरांनीही आता हुज्जत घालायचं सोडलंय. यंदा बाबा स्वतः माप घ्यायला अकोल्याला गेले होते.

त्याच संध्याकाळी मी अमरावतीच्या स्टँडवर होते. गाडी भरलेली, सुटायची वेळ झालेली, आणि बाबांचा फोन आला. म्हणाले, "बाई, सरायचं म... माप घेतलं. छाती द... दोन इंच..." आणि अडकले. मला पुढचं कळलं होतं. सर बारीक झालेत, फार बारीक झालेत, हे मला त्यांच्या आवाजातच ऐकू आलं होतं. ड्रायव्हरदादांनी हॉर्न दिला. प्रवासी कुरकुरले, एक काका ओरडले, "ओ मॅडम, चाला ना जी आता!" मी फोन कानाला तसाच धरून हात वर केला आणि म्हटलं, "थांबा जरा. माझे बाबा बोलून रायले."