चोवीस डेसिबलचं कॅबिनेट

कल्पना करा, कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट चाचणीसाठी तुमच्या टेबलावर आलं आहे. त्यात मशीन बसवायचं, जड काम लावून अर्धा तास तापवायचं आणि आतलं तापमान लिहायचं. मग खोलीतला एसी बंद करायचा, मीटर हातभर अंतरावर ठेवायचा आणि श्वास रोखून पंख्यांचा आवाज मोजायचा.

कॅबिनेट बनवणाऱ्या कारखान्यात ताई नऊ वर्षं हेच करत होती. ती मीटर घेऊन बसली की लॅबमध्ये शिंकसुद्धा परवानगी काढून येते, असं सगळे म्हणत. तिची एकच सवय होती. तापल्यावर पंखे घोंगावतात, म्हणून आवाज ती मशीन निवल्यावर मोजायची. रिपोर्टात आकडे शेजारी शेजारी पडत: अडुसष्ट अंश, चोवीस डेसिबल. दोन्ही खरे, पण एका वेळचे नाहीत. खोक्यावरही तसेच छापले जात.

तिची धाकटी भावजय घरी बसून धडे वाचून रेकॉर्ड करायची. ताईच्या भरवशावर तिने हेच कॅबिनेट घेतलं आणि लागोपाठ तीन धडे परत आले. मागे घरघर येते म्हणे. चौथा परत आला तर काम जाणार होतं. रविवारी ताई गेली, तर भावजयीने कॅबिनेटला रजई गुंडाळली होती आणि मशीन तापून सारखं बंद पडत होतं.

"माझंच काहीतरी चुकतंय, ताई. तुम्ही मोजलेलं कसं घरघर करेल?"

ताईने रजई काढली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. भावजयीने रजईची घडी घातली.

"म्हणजे काम सांगितलं नाही तर शांत. तुमच्या भावासारखंच की."

ती हसली. ताईला मान वर करवेना.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं. सगळेच असं मोजतात, आता खोकी छापून झाली, एवढं बोलून ते फोनकडे वळले. गुरुवारी चौथा धडा परत आला.

त्या दुपारी ताईने जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षीच्या एका पानावर तापलेल्या मशीनचा आवाज लिहिलेला होता, एकोणचाळीस. त्यावर तिच्याच हातची आडवी रेघ होती. ती कधी मारली, हे तिला आठवेना. आकडा चुकीचा वाटला म्हणून मारली होती, की बरोबर आहे हे कळलं म्हणून?