काकांनी शिकवलेलं भय

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दिल्लीत पहाडगंजातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जमायची. पाळक महिन्यातून एकदाच यायचे, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटला जायचा. बाकीच्या रविवारी मंडळीचा कारभार बघणारे मुख्य पंच उपदेश करायचे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांचा विषय ठरलेला होता, देवाचं भय. "भय नाही तिथे विश्वास नाही," असं म्हणून ते बोट वर करत, आणि पुढच्या बाकावरची मुलं खरंच वर पंख्याकडे बघत. मनात वैर ठेवून प्रभुभोजन घेणारा स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, हेही ते दरवेळी बजावत.

देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. माझी ताई एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात लागली. तिथेच तिची करोल बागेतल्या एका पंजाबी हिंदू मुलाशी ओळख झाली आणि दोघांनी कोर्टात लग्न केलं. आई रडली. पप्पांनी काही दिवस अबोला धरला, मग स्वतःच जाऊन जावयाला जेवायला घेऊन आले. आमच्या घरापुरतं ते मिटलं होतं. काकांनी मात्र निरोप पाठवला: ताईला प्रभुभोजन हवं असेल, तर तिने सगळ्यांसमोर क्षमा मागावी.

पप्पांना वाईट वाटू नये म्हणून ताई उभी राहिली. हातात अजून पंजाबी नवरीचा लाल चुडा होता. काका एकेक वाक्य सांगत गेले आणि ती म्हणत गेली. मी देवाचं भय धरलं नाही. मी आईबापांना लाज आणली. पप्पा शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी कॉलेजात होते. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की एखाद्या माणसाचं वाईट व्हावं असं किती मनापासून वाटू शकतं.

ताई पुन्हा मंडळीत आली नाही. पप्पा गेले तेव्हाही ती प्रार्थनेला आत आली नाही, कबरस्तानच्या फाटकाबाहेर नवऱ्यासोबत उभी राहिली.

काकांचं वाटोळं व्हावं म्हणून मी रोज प्रार्थना करायची. एकदा आईच्या कानावर गेलं.

"सूड घेणं देवाचं काम आहे, आपलं नाही," ती म्हणाली.

"मग त्यालाच तर सांगतेय."

देवाने ऐकलं नाही. उलट काकांना नोकरीत मोठं पद मिळालं, कंपनीची गाडी मिळाली, गुडगावच्या उंच टॉवरमध्ये फ्लॅट झाला. आणि मग बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलीने ऑफिसातल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं. त्याचं रिसेप्शन एका फार्महाउसवर थाटात झालं. सगळ्या मंडळीला आमंत्रण होतं. आईला जावयाची ओळख करून देताना काका हसत म्हणाले, "आजकाल मुलांचं सुख बघायचं. बाकी काय असतं?"

आई "बिल्कुल" म्हणाली. मी भरलेलं ताट तसंच ठेवून हात धुतले.

पुढच्या प्रभुभोजनाला नवे पाळक होते. काका भाकरीचं ताट घेऊन वाटायला निघाले, तशी मी उठून उभी राहिले.

"काका, थांबा. आधी क्षमा मागा."

"कसली क्षमा?"

"तुमच्या मुलीला मी पुढे बोलावत नाही. तिने काही पाप केलेलं नाही. माझ्या ताईनेही केलं नव्हतं. तिला तुम्ही इथे उभं केलं होतं, आज तुम्ही उभे राहा."

ते पाळकांकडे वळले. "फार जुनी गोष्ट आहे, साहेब."

"पण खरी आहे?" पाळकांनी विचारलं.

मागून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "खरी आहे. आम्ही सगळे बसून बघत होतो."

काकांनी ताट टेबलावर ठेवलं. "चूक झाली," ते म्हणाले.

"कोणाची?"

"माझी."

"कोणाशी वागताना?"

त्यांची बायको रडायला लागली. आईने माझी ओढणी खेचली. "बस खाली. पुरे झालं."

मला पुरे झालं नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर भय होतं, आणि ते देवाचं नव्हतं, माझं होतं. ते मला फार गोड लागलं.

नंतर काका गुडगावच्या एका इंग्रजी चर्चला जाऊ लागले. मी ताईला फोन करून सगळं सांगितलं.

"बरं वाटलं ना तुला?" मी विचारलं.

"तुला वाटलेलं दिसतंय," ती म्हणाली. "त्यांनी माफी मंडळीसमोर मागितली, यार. माझ्यापाशी कुठे मागितली?"

तिचा नंबर मी काकांना पोचवला. त्यांनी फोन केला नाही. आई अजून म्हणते, माफ करून टाक. मी म्हणते, आधी त्यांनी फोन करू दे.

तेवढ्यासाठी मी प्रभुभोजन सोडलेलं नाही. ताट समोर आलं की मनातलं सगळं वैर घेऊनच मी भाकरीचा तुकडा उचलते, आणि गिळताना दरवेळी घाबरते.