डोंगल माझ्या नावचं

“सरपंचबाई, जरा मागं सरका. तुमची सावली पडली की मशीन बंद पडतंय.”

अण्णा म्हणाले. आमचे उपसरपंच. ग्रामपंचायतीच्या खोलीत पाच-सहा माणसं होती, सगळी हसली. ऑपरेटर सगळ्यात जास्त हसला. ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ते हसले नाहीत. खाली बघून चहा पीत राहिले.

मी उंबऱ्याच्या बाहेर उभी होते. दुपार कलली होती, त्यामुळं माझी सावली खोलीत गेली होती, हे खरं. कॉम्प्युटर भिंतीला होता. तिथवर ती पोचत नव्हती.

तरी मी मागं सरकले. अंगाला सवय असते. सावली हा शब्द आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अण्णांनाही तो कुणाला शिकवावा लागला नसणार.

मी ह्या गावची सरपंच. जागा राखीव सुटली, बाईसाठी आणि आमच्या जातीसाठी. माझा अर्ज अण्णांनीच भरायला लावला. त्यांना वाटलं, विधवा बाई आहे, वस्तीत पिठाची गिरणी चालवते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बरी पडेल. लग्नानंतर कितीतरी हंगाम मी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेले. तो वारल्यावर कोयता ठेवला आणि गिरणी टाकली. गिरणी आमच्या वस्तीत आहे म्हणून गावातली बाई माझ्याकडं दळण टाकत नाही. डबा घेऊन चौसाळ्याला जाईल, पण माझ्या जात्यात तिचे गहू पडू देणार नाही. मतं मात्र त्या घरांतूनही पडली, कारण अण्णांनी सांगितलं होतं.

निवडून आल्यावर बीडला नेऊन माझे फोटो काढले, अंगठे घेतले, आणि माझ्या नावचं डोंगल आलं. बोटाच्या पेराएवढी वस्तू. कॉम्प्युटरला खोचायची, पासवर्ड टाकायचा, की माझी सही झाली. ग्रामपंचायतीचं कुठलंही बिल भाऊसाहेबांची आणि माझी अशा दोन सह्यांशिवाय निघत नाही. ते डोंगल मी हातात घेऊन बघत होते तेवढ्यात अण्णा म्हणाले, “आण इकडं. हरवशील.” ऑपरेटरनं ते खिशात टाकलं. त्यानंतर मला ते दिसलं नाही. माझ्या सह्या होत राहिल्या. मी गिरणीवर असायचे आणि ग्रामपंचायतीत माझी सही व्हायची.

त्या दिवशी मला बोलावणं आलं ते सही अडली म्हणून.

झालं होतं असं. ज्या पोर्टलवर बिलं मंजूर होतात, ते बदललं. त्याच्यासाठी ब्राउझरमध्ये नवा प्लग-इन टाकायचा होता. प्लग-इन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. तो असला तरच ब्राउझरला डोंगल ओळखू येतं. ऑपरेटर सकाळपासून तो टाकत होता. टाकला की ‘झालं’ असं यायचं. ब्राउझर उघडला की वर लाल पट्टी. प्लग-इन सापडलं नाही. परत टाकायचा. परत लाल पट्टी. त्यात मार्च संपत आलेला. बिलं अडकली की निधी परत जातो.

शेवटी त्यानं हेल्पडेस्कला फोन लावला, तर तिकडून सांगितलं, ज्यांच्या नावचं डोंगल आहे त्यांना बोलायला द्या.

म्हणून मी.

अण्णांनी बजावलं, “नुसतं हो हो म्हण. बाकी काय बोलू नको.”

ऑपरेटरनं फोन माझ्या हातात दिला नाही. स्पीकर चालू करून उंबऱ्यावर ठेवला आणि आत जाऊन बसला. मी खाली बसले, फोनकडं वाकून.

“नमस्कार मॅडम. सरपंच आपण स्वतः बोलताय का?” तिकडून एका पोरीचा आवाज आला.

“हो.”

“सहसा मिस्टर बोलतात, म्हणून विचारलं.”

“मिस्टर वारले. मीच बोलते.”

आतून अण्णा दातओठ खात पुटपुटले, “हो म्हण म्हणलं ना नुसतं.”

“बरं मॅडम, स्क्रीनवर नेमकं काय आलंय ते वाचून दाखवता?”

“मी बाहेर आहे.”

“कशाच्या बाहेर?”

साधा प्रश्न होता. पोरगी शहरातली असेल, कुठल्यातरी मोठ्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली. तिला खरंच कळलं नव्हतं. आणि मी तोंड उघडलं तर मला काही सांगता येईना. कशाच्या बाहेर? ही ग्रामपंचायत. मी सरपंच. भिंतीवरच्या पाटीवर माझं नाव रंगवलेलं. आणि मी उंबऱ्यापाशी मातीत बसून जमिनीवरच्या फोनशी बोलतेय. अण्णांचा टोमणा मी गिळला होता. हा प्रश्न गिळता येईना.

“थांबा,” मी म्हणाले. “आत जाते.”

फोन उचलला आणि उंबरा ओलांडला. कुणाला अडवायला वेळच मिळाला नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूला लाकडी फळी होती, तिला खिळे, आणि खिळ्यांना डोंगलं टांगलेली. आमचा ऑपरेटर आजूबाजूची बरीच गावं बघतो. प्रत्येक डोंगलला पांढरी पट्टी, पट्टीवर पेनानं नाव. ती गावं मला माहीत आहेत, तिथल्या सरपंच बायाही. पट्ट्यांवर त्यांच्या नवऱ्यांची नावं होती. एकीवर सासऱ्याचं.

माझं डोंगल फळीवर नव्हतं, मशीनला खोचलेलं होतं. त्यावर निळा दिवा लागलेला. पट्टी त्यालाही होती. मला नवरा नाही. म्हणून माझ्या डोंगलवर अण्णांचं नाव.

“हे काय हाय?”

ऑपरेटर म्हणाला, “वळखू यावं म्हणून लावलंय. त्यात काय एवढं?”

“मग माझं नाव कावून न्हाई?”

“ते आमाला कळतंय की कुणाचं हाय ते.”

मी डोंगल ओढून काढलं. दिवा विझला. पट्टी नखानं सोलली आणि टेबलावर चिकटवली, अण्णांच्या चहाच्या कपाजवळ.

अण्णा उठले. “ये बाई, डोकं फिरलंय का? ठिव ते जागेवर.”

“डोंगल माझ्या नावचं हाय, अण्णा. सही मी करीन.”

“तुला येतंय का त्यातलं काय? हे पदवी झालेलं पोरगं सकाळपून बसलंय, त्याला जमंना.”

“त्याला न्हाई जमत, मला न्हाई येत. मग माझ्यापाशी असलं तर बिघडतंय काय?”

“मार्च एंड हाय. निधी परत गेला तर वस्तीला तोंड कसं दावशील? मोटर तुमच्याच वस्तीची जळलीय. माझ्या घरी नळाला पानी हाय.”

हे बरोबर वर्मी लागलं. वस्तीची पाण्याची मोटर जळून बरेच दिवस झाले होते. नवी आणली होती, पण दुकानदार बिल निघाल्याशिवाय बसवू देत नव्हता. बाया लांबच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. मीही आणत होते.

हातातला फोन बोलला, “मॅडम, आहात ना?”

“आहे. उद्या सकाळी फोन करते.”

फोन टेबलावर ठेवला, डोंगल पदराच्या गाठीत बांधलं आणि निघाले. मागून अण्णा म्हणाले, “तुला खुर्चीवर कुणी बसवलं ते इसरू नको.” मी मागं वळून सांगितलं, “खुर्चीवर अजून बसलेच न्हाई मी.”

वस्तीत खबर माझ्या आधी पोचली होती. कुणी वाहवा केली असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. माझी जाऊ दोन हंडे उतरवून माझ्यासमोर उभी राहिली.

“दिऊन टाक ते त्यांचं त्यांना.”

“त्यांचं न्हाई ते.”

“माझे गुडघे गेले पानी वाहून. तुझ्या इज्जतीनं हंडा भरतोय का?”

“उद्या सही करते. मोटरीची पयली.”

“तुला येतंय का ते?”

“न्हाई.”

“मग?”

“इचारीन.”

“लई शानी,” ती म्हणाली आणि हंडे उचलून आत गेली. तिचं चुकत नव्हतं. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिची समजूत घालायला गेले नाही. एकदा डोंगल परत दिलं असतं तर पुन्हा कधीच हातात आलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मोटर अडली की वस्ती मला शिव्या देणार हेही ठाऊक होतं. दोन्ही ठाऊक असून मी दिलं नाही.

सकाळी ग्रामपंचायत उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. ऑपरेटर आणि भाऊसाहेब आले. ऑपरेटर म्हणाला, किल्ली अण्णांकडं आहे. मी म्हणाले, आण. त्यानं भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांच्या खिशात दुसरी किल्ली होती. मार्च त्यांच्याही मानेवर बसलेला. त्यांनी कुलूप काढलं आणि हळूच म्हणाले, “ताई, जरा दमानं घ्या.”

“दमानंच घेतलं की इतके दिवस.”

मी कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर बसले. हेल्पडेस्कला फोन लावला. आज दुसरी बाई होती. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मला इंग्रजी वाचता येत नाही. अक्षरं ओळखता येतात, शाळेत तेवढं झालं होतं. ती म्हणाली, चालेल, अक्षरं सांगा. मी एकेक अक्षर सांगत गेले, ती जोडून अर्थ सांगत गेली. माऊस माझ्या हाताखालून पळायचा. एकदा भलतीकडंच दाबलं आणि सगळं बंद झालं. ऑपरेटर मागं उभा राहून म्हणाला, “जमायचं न्हाई तुमाला.” मी म्हणाले, “तुला तरी कुठं जमलं?” भाऊसाहेबांना ठसका लागला.

पहिल्यांदा टाकलं, लाल पट्टी. परत टाकलं, लाल पट्टी. अण्णा येऊन दारात उभे राहिले होते, हाताची घडी घालून.

फोनवरची म्हणाली, “जुना प्लग-इन अजून आत आहे का बघा.” होता. तो काढायचाच राहिला होता. नवा दर वेळी त्याच्याच डोक्यावर बसत होता. मी जुना काढला. ब्राउझर पूर्ण बंद केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नवा टाकला. मग कोपऱ्यात एक छोटी चौकट आली, परवानगी द्यायची का म्हणून. काल ती येत असेल तर ऑपरेटर न वाचताच बंद करत असेल. मी थांबून अक्षरं सांगितली. “द्या परवानगी,” ती म्हणाली. दिली. डोंगल खोचलं.

हिरवी खूण आली आणि तिच्यापुढं माझं नाव. सासरच्या आडनावासकट, पूर्ण.

मी पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलायचं. जुना सगळ्या गावांचा एकच होता, ऑपरेटरनं ठेवलेला; तो त्याच्याकडून विचारून घेतला. बोटं कीबोर्डवर ठेवून मी वळले.

“जरा तिकडं बघा.”

ऑपरेटर भिंतीकडं वळला. भाऊसाहेब खिडकीकडं. अण्णा हलले नाहीत. मी तशीच बसून राहिले. बराच वेळ. मग अण्णांनी मान फिरवली.

त्यानंतर बिलं. मी भाऊसाहेबांना म्हणाले, एकेक वाचा आणि कशाचं आहे ते सांगा. मोटरीचं पहिलं घेतलं. सही केली. मग दिव्यांचं, मग पाणी सोडणाऱ्या माणसाच्या पगाराचं. ते वाचायचे, मी विचारायचे, ते सांगायचे, मी सही करायचे. शेवटी एक उरलं. प्रशिक्षण आणि जनजागृती.

“कसलं प्रशिक्षण?”

“ते असंच असतंय, ताई.”

“कुठं झालं? कोण गेलतं?”

भाऊसाहेबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, “वरून आलेलं हाय. कर सही.”

“वरून म्हंजी कुठून?”

“आता ह्यात बी भानगड काढतीस का?”

“भानगड हाय का न्हाई मला म्हाईत न्हाई. मला कळलं न्हाई, एवढंच.”

मी डोंगल काढलं आणि घरी गेले. संध्याकाळी मोटर बसली. जाऊ नळाखाली हंडा लावून बसली होती. मला बघून म्हणाली, “त्ये राहिलेलं एक बी करून टाकायचं व्हतं. कशाला वैर घेतीस?” मी माझा हंडा तिच्या मागं लावला.

मार्च संपला. त्या एका बिलाचा निधी परत गेला. गावात आता असं सांगतात की बाईनं गावाचे पैसे घालवले. पारावर बोलतात, गिरणीसमोरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलतात. अण्णा सदस्यांना गोळा करताहेत, अविश्वास आणणार आहेत. भाऊसाहेब परवा सांगून गेले, “ताई, माफी मागा, मिटवून घ्या.” मी विचारलं, कशाची माफी? ते त्यांनाही माहीत नसावं.

आणा अविश्वास. ज्यांना हात वर करायचा त्यांनी करावा. मी माफी मागणार नाही, घरोघर जाऊन कुणाचे पाय धरणार नाही. जे मला समजलं नाही त्यावर माझी सही होणार नाही, मग ते वरून आलेलं असो की खालून. पाडलं तर पडेन. पडायच्या दिवसापर्यंत ह्या गावची सरपंच मी आहे, आणि ज्याला माझी सही पाहिजे त्यानं माझ्यासमोर बसून मला समजावून सांगायचं.