किल्लीचा दिवस

चुलीवरचा पोलेंटा अर्धाच घोटून झाला होता आणि फिओरेंझाचा हात थांबला. मक्याचं पीठ तळाला धरू लागलं, पण तिचं सगळं लक्ष कमरेच्या किल्लीकडे.

"अगं, करपतंय ते!" बाकावरून सासूबाई, नॉटबुर्गा, ओरडल्या. "आमच्या घरात पावाचे गोळे शिजतात. तू काही तुझा तो दरीतला पिवळा घाटा सोडायची नाहीस!"

आज संत मार्टिनचा सण. डोंगरावरच्या या गावची रीत ठरलेली: नवरा गेला की पुढच्या मार्टिनच्या दिवशी विधवेने घराची किल्ली एका मुलाच्या हाती द्यायची. घर, शेत, गुरं, सगळं त्याचं. बाकीच्यांनी बोचकं उचलायचं. फिओरेंझाचा नवरा याच वर्षी गेला होता. तिचा थोरला मुलगा व्हिगिल टेबलाशी बसला होता. धाकट्या झेनोचं बोचकं दाराशी बांधून तयार. खिंडीपलीकडे कुणाच्या तरी गोठ्यात तो राबायला निघाला होता.

खाली दरीत, तिच्या माहेरी, बोलीही वेगळी आणि रीतही. तिथे मुलींनासुद्धा वाटा मिळतो.

तिने पोलेंटा घोटून पुरा केला, फळीवर उपडा केला आणि ताणलेल्या दोरीने कापू लागली. सगळे तुकडे सारखे.

"व्हिगिल, वरचं कुरण झेनोला देशील?"

"आई, कुरण फोडलं तर हिवाळ्यात गुरांना काय घालू? मग तोही उपाशी आणि मीही."

"हिच्या माहेरी बघ की," सासूबाई म्हणाल्या. "वाटे पाडून पाडून शेताच्या चिंध्या केल्या. नांगर वळवायचा तर शेजाऱ्याच्या रानात शिरावं लागतं!"

"खरंय सासूबाई. पण सणाच्या दिवशी तिथे कुणाचं पोर बोचकं घेऊन दाराशी बसत नाही."

झेनो खाली मान घालून म्हणाला, "आई, राहू दे. दादाचं चुकत नाहीये."

तेच तर तिला खुपत होतं. तिने मनातल्या मनात मेरीमातेचा धावा केला, कमरेची किल्ली सोडली आणि व्हिगिलपुढे ठेवली. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

"आता माझी चिंधी," फिओरेंझा म्हणाली.

"तुझी कसली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"बाबांमागे माझ्या वाट्याला आलेली द्राक्षाची पट्टी. मी कधी मागितली नाही, म्हणून माझा भाऊ बोर्तोलो कसतोय. ती झेनोची."

"आणि भाऊ सोडेल होय? त्या वेलींचीच दारू पिऊन त्याचं पोट सुटलंय!"

"सोडेल की नाही, ते मेरीमातेला ठाऊक."

झेनोने बोचकं उचललं, परत खाली ठेवलं. फिओरेंझाने पोलेंट्याचा एक तुकडा फडक्यात बांधला आणि डोक्याला रुमाल गुंडाळला. खाली दरीत जाऊन बोर्तोलोकडे आपली पट्टी मागायची होती.